कुणाचे चार?

रेक्समच्या वृद्धाश्रमात, तळघरात,
रात्रपाळीला आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालतो.
ती माझ्याकडे चालत येते, कोपरे देते, मागे जाते.
इंग्रजी माझं बेताचं, तिचं त्याहून बेताचं.
चादरीपुरतं पुरतं.

एतेलका बार्कासी.
इथल्या फॉर्मवर आधी नाव, मग आडनाव.
त्यांच्यात आधी आडनाव, मग माणूस.
युक्रेनच्या दाखल्यावर बापाचंही नाव आहे,
पण योझेफचा तिथे योसिप झालाय.
मी म्हटलं, आमच्यात बापाचं नाव असतंच की मधे.
म्हणाली, "त्याला विचारून लिहितात?"

घरमालकीण भली बाई.
तिनं खिडकीत कागदी सूर्यफुलं लावली, निळा-पिवळा झेंडा.
एतेलका थँक्यू म्हणाली, आणि मनापासून म्हणाली,
कारण भाचा, झोल्त, त्याच झेंड्याखाली खंदकात होता.
आईला फोन करायचा तो मात्र मग्यारमध्ये,
तोंडावर हात धरून.

"हंगेरीहून कधी आलात?" लोक विचारतात.
"आलोच नाही. तिसाकाठी बटाटे काढत होतो.
जमीन कुणाची, ते दुसरीकडे ठरलं."
मी हसले. मला निपाणीतली
काकांची तंबाखूची वखार आठवली.
राज्य बदललं तेव्हा काका आत
पोती मोजत होते.
पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली, एवढंच सांगायचे.

तिच्या गावात वेळा दोन.
कचेरीत कीवची. घरात 'आपली', तासानं मागे.
दवाखाना त्यांच्या नऊला, बारसं आपल्या नऊला,
आणि बस यायची तेव्हा यायची.
प्रेमात पडलेल्यांनाही आधी विचारावं लागे,
कुणाचे सहा?

वरच्या मजल्यावरचे प्रिचर्ड आजोबा
हल्ली इंग्रजी विसरलेत. रात्री वेल्शमध्येच हाका मारतात.
एतेलका जाते, उशी सरळ करते, मग्यारमध्ये रागावते.
ते ऐकतात.
मी मराठीत करून पाहिलं. मला नाही ऐकलं.

बातमी एका गुरुवारी आली.
पत्रात लिहिलं होतं, पहाटे चार.
बहीण फोनवर म्हणत राहिली, तीन. तीन. आपले तीन.
म्हणजे इथले दोन.
एतेलकानं बोटांवर मोजलं, परत मोजलं.
"दोनला आपण काय करत होतो?"

मला आठवत होतं.
चौदा नंबरच्या खोलीची चादर. तिच्या हातून कोपरा निसटला,
मी ओढतच राहिले आणि टोपलीत बसले.
किती हसलो होतो.

मी म्हटलं, "आठवत नाही गं."

मग एक नोव्हेंबर.
काका या दिवशी दंडाला काळी फीत बांधायचे,
साठ वर्षं, शेवटी शेवटी एकटेच.
मी कन्नडमध्ये वर्गात पहिली आले
त्या वर्षी पेढेही त्यांनीच वाटले.
तिच्या गावात या दिवशी
सगळे थडग्यांवर मेणबत्त्या लावतात.
तळघरात लावायची सोय नाही, अलार्म वाजतो.
आम्ही बाहेर गेलो. जॅमची रिकामी बाटली,
आत मेणबत्ती, फुटपाथच्या कडेला.
रस्त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय: आराव.
वेल्शमध्ये, हळू.
एक गाडी खरंच हळू झाली.

परत आलो तर भिंतीवरचं घड्याळ
तासभर पुढे.
रविवारी सगळ्या देशानं काटे मागे घेतले,
तळघरात कुणी उतरलंच नव्हतं.
मी स्टूल आणलं. एतेलका घड्याळाकडे बघत होती.
"राहू दे," म्हणाली.
"हे बरोबर आहे."

मॅनेजर दोनदा सांगून गेलाय.
बघतो, म्हणालो आम्ही.